पाणी कमी आहे म्हणून घरं नकोत?

जुळे सोलापूरमधल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांच्या कॉलनीच्या मागची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. आता तिथं ९६ लहान फ्लॅटची योजना येऊ घातली आहे. काही वन आरके, बाकीचे वन बीएचके. कॉलनीनं महापालिका आयुक्तांना द्यायला निवेदन तयार केलंय : ‘पाणी, ड्रेनेज व परिसराची शांतता पाहता या योजनेस परवानगी देऊ नये.’ मजकूर ताईंच्या यजमानांनीच लिहिलाय, कारण सोसायटीचे सेक्रेटरी तेच. चाळीस घरांतल्या सदतीस सह्या झाल्या आहेत, ताईंची राहिली आहे. पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

‘हे म्हणतात ते खोटं नाही. आमच्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी सुटतं, तेही कधी रात्री अकराला, कधी पहाटे तीनला. आणखी शंभर घरं आली तर आम्ही काय प्यायचं? पण माझ्या बहिणीचा मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. नीलमनगरला एका खोलीत आई, बायको आणि दोन पोरांना घेऊन भाड्यानं राहतो. तीन वर्षांत तीनदा सामान हलवलं. आता पुण्याला जायचं म्हणतो. आणि आमच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या अक्का परवा फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “ताई, मागं बिल्डिंग होनार म्हनं, आमाला मिळंल का हो त्यात?” निवेदनाचा कागद तिथंच टीव्हीशेजारी पडला होता. मला त्यांच्याकडं बघवेना. रविवारी जेवताना घरात भांडणच झालं. भाचा म्हणाला, सरकारनं रे नगरसारखी घरं बांधून द्यावीत. माझा भाऊ बांधकामाची कंत्राटं घेतो. तो म्हणाला, परवानग्या सोप्या करा, आम्हीच ढीगभर घरं बांधतो. हे म्हणाले, आधी पाणी, मग घरं. मला तिघांचंही पटत होतं आणि पुरतं कुणाचंच पटत नव्हतं. मी सही करू का नको? नाही केली तर ह्यांना काय सांगू?’

ताई, आधी सरळ उत्तर देते, म्हणजे तुमच्या जिवाची उलघाल तरी थांबेल. या निवेदनावर सही करू नका. पण नुसतं ‘नाही’ म्हणून गप्पही बसू नका. तुमच्या यजमानांना पाण्याचं जे दिसतंय ते खरं आहे, आणि खऱ्या तक्रारीला खरा पत्ता लागतो. या निवेदनावर तो पत्ता चुकलाय.

पाण्यावरच थोडी थांबते, कारण सोलापुरात सगळ्या गोष्टी शेवटी पाण्यापाशीच येतात. आपण लग्नाची तारीख ठरवताना मुहूर्ताबरोबर ‘त्या दिवशी पाणी आहे का’ हे विचारणारी माणसं. घरात पाहुणे येणार म्हटलं की आधी टाकीत डोकावतो. अशा गावात कुणी ‘आणखी घरं’ म्हटलं की पोटात गोळा येणारच. त्याला स्वार्थ म्हणून हिणवणारे लोक पाण्यासाठी रात्री दीडला उठलेले नसतात.

पण हिशेब करून बघू. उजनी धरणात ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, असलं, तरी उरतं ते पन्नासहून अधिक. सोलापूर शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं : उजनीवरून थेट जलवाहिनीनं, टाकळीहून भीमेतलं आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातलं. यातलं टाकळीचं बघा. तिथं पाणी मिळावं म्हणून उजनीतून नदीत पाणी सोडायचं, ते वाहत येऊन औजचा बंधारा भरायचा आणि मग आपण उपसायचं. एवढ्या लांबच्या वाटेत ते जिरतं, उन्हानं उडतं, काठावरच्या पंपांनी उचललं जातं. घशाला लागतं त्याच्या कित्येक पट पाणी त्यासाठी सोडावं लागतं. म्हणून तर उजनीपासून समांतर जलवाहिनीचा विषय इतकी वर्षं गाजला. तिची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटरची. वर्षभराचं मोजलं तर सव्वादोन टीएमसीसुद्धा होत नाही. पन्नासातलं सव्वादोन! आणि हे पाणी शहराच्या वेशीपर्यंत आलं तरी ते तुमच्या नळाला यायला उंच टाक्या लागतात, गल्लीबोळातल्या जुन्या लाइन बदलाव्या लागतात, चावी वेळेवर सोडावी लागते. आपलं दुखणं धरणापासून नळापर्यंतच्या या वाटेत आहे.

आता तुमच्या मागची ९६ घरं घ्या. घरटी पाच माणसं धरा. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड. झाले ६४,८०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या साडेसहा खेपा. समांतर जलवाहिनीच्या रोजच्या पाण्याशी तुलना केली तर अडीच हजारावा भाग सुद्धा भरत नाही.

आणि आता तुमच्या भाच्याचं आठवा. तो आज नीलमनगरला राहतो, तर काय पाण्याविना राहतो? तोही सोलापूरचंच पाणी पितो, त्याच्याही गल्लीत चौथ्या-पाचव्या दिवशीच नळ येतो. अक्काही इथलंच पाणी भरतात. तुमच्या मागच्या इमारतीत येणारी बहुतेक माणसं परमुलखातून उतरणार नाहीत. ती आत्ताच या शहरात आहेत, दहा बाय दहाच्या खोल्यांत दाटीनं. इमारत अडवल्यानं शहरातला एकही तहानलेला माणूस कमी होत नाही.

तरी एक गोष्ट मान्य करते. शहराचा हिशेब वेगळा आणि तुमच्या गल्लीच्या लाइनचा हिशेब वेगळा. तुमच्याच चार इंची लाइनवर शंभर जोडण्या दिल्या आणि त्यातल्या निम्म्यांनी मोटर लावून पाणी ओढलं, तर शेवटच्या घराला करंगळीएवढी धार येईल. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय नेमका आहे : नव्या इमारतीला टाकीवरून वेगळी लाइन द्या, तिला जमिनीखाली मोठा हौद बंधनकारक करा, आणि हे पुरं झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायचा दाखला, देऊ नका. हे मागणारं निवेदन लिहा, मी स्वतः येऊन त्यावर सही करते.

मला हे एवढं का लागतं, ते सांगते. माझा जन्म गिरणीच्या चाळीतला. एका खोलीत आम्ही सातजण. गिरणी बंद पडली, वडिलांची देणी कधी पूर्ण आलीच नाहीत. १९९२ ला शहराची हद्दवाढ झाली आणि शहराचं क्षेत्रफळ एकदम पाच पटींनी वाढलं. तेव्हा वडिलांनी आईच्या पाटल्या मोडून हद्दवाढ भागात एक गुंठा घेतला. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आम्हाला ते मैदानच वाटलं होतं. कागद काय, तर स्टँपपेपरवर नोटरी. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, लेआउट मंजूर नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही. परवाना नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. पत्र्याचं घर बांधलं आणि त्यात अकरा वर्षं नळ नव्हता. मी कॉलेजला जाण्याआधी सायकलला दोन घागरी अडकवून पाणी आणायची.

रस्त्यापलीकडं चांगली मंजूर कॉलनी होती, तिथपर्यंत लाइन आलेली. ती पुढं आमच्या वस्तीत न्यायचं ठरलं तेव्हा त्या कॉलनीनं निवेदन दिलं : ‘आमचा दाब कमी होईल.’ त्या सह्यांत मला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. खूप प्रेमळ होत्या हो. माझी फी एकदा त्यांनी भरली होती. मला पोटाशी धरणाऱ्या बाईंनी माझ्या घागरीच्या विरोधात सही केली, हे मला कित्येक वर्षं उलगडलं नाही. आज वाटतं, त्यांनी कागद नीट वाचलाही नसेल. शेजारच्यांनी आणला, सगळ्यांनी केल्या, यांनीही केली. तुम्ही तो कागद थांबून वाचलात आणि मला पत्र लिहिलंत.

आमच्यासारख्या हजारो कुटुंबांनी जे केलं, त्याला सरकारदरबारी गुंठेवारी म्हणतात. २००१ साली ती नियमित करण्याचा कायदा आला, पुढं मुदत वाढवून २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. कायद्याला हे करावं लागलं, कारण माणसं काही थांबली नव्हती. घरं बांधली गेली नाहीत म्हणून कुणी लग्न करायचं, पोरं वाढवायची, म्हातारे सांभाळायचे थांबत नाही. माणसं कागदाविना वसतात. मग मागून तिथं रस्ता, ड्रेनेज, पाणी न्यायचं म्हणजे खर्च कितीतरी पट आणि भांडणं वेगळी. रीतसर घर अडवलं की बेकायदा घर उभं राहतं, हे सोलापुरात कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. शेळगी, मजरेवाडीकडं एक चक्कर मारली तरी कळतं.

आता तुमच्या रविवारच्या पंगतीकडं येते. तुमच्या घरात जे भांडण झालं, तेच विधानसभेत होतं, महापालिकेत होतं, दिल्लीतही होतं.

तुमच्या भावाचं म्हणणं असं, की घरं भरपूर झाली की स्वस्ताई येईल. यात तथ्य आहे. तुळजापूरची गर्दीतली एसटी आठवा. दारात माणसं लोंबकळत असतात आणि कंडक्टर ओरडतो, ‘पुढं सरका, पुढं सरका!’ पुढचा एक सरकला की मागच्याला पायरी मिळते. नवीन फ्लॅट झाला की एखादं नोकरदार कुटुंब भाड्याचं घर सोडून तिकडं जातं, त्यांच्या घरात दुसरं येतं, त्याची खोली तिसऱ्याला मिळते. तुमच्या भाच्याला ९६ मधला फ्लॅट परवडला नाही, तरी त्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्या कुणाची तरी सुटलेली दोन खोल्यांची जागा त्याला परवडू शकते. नवीन काही बांधलंच नाही, तर तेच नोकरदार कुटुंब त्याच खोलीसाठी भाच्यापेक्षा जास्त डिपॉझिट टाकतं आणि भाचा पुण्याची गाडी पकडतो. म्हणून ‘ही घरं कुठं गरिबांसाठी आहेत’ असं म्हणून इमारत अडवणं, हेही गरिबाच्या मुळावर येतं.

पण ती एसटी पुढं सरकते, ती पुढच्या सीटवर कुणी रिकामी पिशवी ठेवून जागा अडवली नसेल तरच. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी निघाली. आणि २०१२ मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ गटानं शहरांतली घरांची टंचाई काढली, ती १ कोटी ८८ लाखांच्या घरात. त्यातली जवळजवळ सगळी, शंभरात पंचाण्णवहून जास्त, गरीब आणि अल्प उत्पन्न गटातली. ही टंचाई मुख्यतः फुटपाथवर झोपणाऱ्यांची नव्हती. दाटीनं राहणाऱ्यांची होती, तुमच्या भाच्यासारख्यांची. कुलूप लावलेली घरं एकीकडं आणि एका खोलीत पाचजण दुसरीकडं. तुमच्या भावानं बांधलेल्या किती फ्लॅटवर पैसे गुंतवून कुलूप पडलंय, हे त्याला एकदा शांतपणे विचारा. त्याचा दोष नाही, पण त्याच्या हिशेबातली ही गळती त्यानं मोजली पाहिजे.

यावर उपाय म्हणून राज्यानं २०१३ मध्ये एक नियम आणला : चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर योजना करायची तर वीस टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. मात्र हे बंधन घातलं दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांवर. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या होती ९,५१,५५८. पन्नास हजारांहून कमी माणसांनी आपलं शहर त्या ओळीच्या अलीकडं राहिलं. ज्या शहरात विड्या वळणाऱ्या, मागावर बसणाऱ्या माणसांचे मोहल्लेच्या मोहल्ले आहेत, त्या शहराला हा नियम सगळ्यात आधी हवा होता. घरांच्या प्रश्नावर मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला सोलापूरकरांनी हे विचारायला पाहिजे, आणि आपण विचारत नाही, याची मला खंत आहे.

भाच्याचं म्हणणं, सरकारनं बांधावीत. तो रे नगरचं उदाहरण देतो आणि त्याला तसा अधिकारही आहे, कारण असं उदाहरण देशात फार शहरांकडं नाही. कुंभारीला आधी गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची दहा हजार घरं झाली. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी सोलापुरात आले होते. मग त्याच भागात तीस हजार घरांचं रे नगर. त्याची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ ला आणि पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते. दोन्ही वसाहतींमागं कित्येक वर्षांचा रेटा होता नरसय्या आडम मास्तरांचा आणि त्यांच्या लाल बावट्याचा. म्हणजे बघा, मागणी कम्युनिस्टांची, पहिल्या चाव्या काँग्रेसच्या काळात, पुढच्या भाजपच्या. विडी वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षं मोर्चात चालल्या, तेव्हा तीन वेगवेगळ्या रंगांचे पक्ष एका भिंतीला हात लावायला तयार झाले. घरांच्या राजकारणात मला यापेक्षा आशेची दुसरी गोष्ट माहीत नाही.

तरी भाच्याला दोन गोष्टी सांगा. एक, ही घरं फुकट नव्हती. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, आणि वरची रक्कम त्या बायकांनी कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन भरली. दुसरी, जमीन स्वस्त मिळते ती शहराबाहेर. घर कुंभारीला आणि काम शहरात, तर येण्याजाण्याचे पैसे आणि वेळ रोज जातो. माग, विडीची ब्रँच, धुण्याभांड्याची चार घरं, मुलांची शाळा हे सगळं जवळ असेल तर गरिबाचं घर खऱ्या अर्थानं स्वस्त. म्हणून मला तुमच्या मागची जागा मोलाची वाटते. तिथून अक्का तुमच्याकडं चालत येऊ शकतात. शहराच्या पोटातली अशी रिकामी जागा अडवायची आणि मग ‘गरिबांसाठी सरकारनं लांब कुठंतरी बांधावं’ म्हणायचं, हे मनाला पटत नाही.

आणि तुमच्या यजमानांचं ‘आधी पाणी, मग घरं’. त्यांना एवढंच विचारा, तुमचं घर बांधलं तेव्हा रोज पाणी येत होतं का? जुळे सोलापुरात जिथं आज बंगले आहेत तिथं एके काळी ज्वारी डोलायची. आपण सगळे पाण्याच्या आधीच आलो आणि मग पाणी मागितलं. शहरात माणसं आली म्हणून लाइन आली, उलट क्रम मी तरी पाहिला नाही.

आता करायचं काय, ते सांगते. मागची जागा नेमकी कशासाठी आहे, हे आधी बघा. महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळतो. मिळत नसेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ती जागा बागेसाठी, शाळेसाठी आरक्षित असेल किंवा तुमच्याच लेआउटची खुली जागा असेल, तर कॉलनीनं जरूर विरोध करावा आणि त्या निवेदनावर तुम्हीही सही करावी. खुली जागा गिळून घरं बांधणं मला मान्य नाही. पण ती खाजगी रहिवासी जागा असेल, तर ‘परवानगी देऊ नये’ ही मागणी कायद्यातही टिकायची नाही. योजना महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नोंदणीच्या वेबसाइटवर, नोंदलेली आहे का, तेही बघा. तिथं मंजूर नकाशा आणि पूर्ण करायची तारीख दोन्ही दिसतात. तुमच्या भावाला हे सगळं वाचता येतं, त्याला कामाला लावा.

मग यजमानांना म्हणा, ‘तुमचं निवेदन फाडू नका, त्यातली एक ओळ बदला.’ ‘परवानगी देऊ नये’ च्या जागी ‘परवानगी देताना पुढील अटी घालाव्यात’. वेगळी पाण्याची लाइन आणि हौद, ड्रेनेजची क्षमता तपासून जोडणी, पावसाचं पाणी जिरवायची सोय, गाड्यांना आत जागा. आणि सगळ्यात वर : आमच्या भागाच्या टाकीचं आणि लाइन बदलण्याचं काम कधी पुरं होणार, याची लेखी तारीख. चाळीस घरांनी एकट्यानं ही तारीख मागितली तर कागद फायलीत जाईल. ९६ घरं आली की तुम्ही १३६ घरं होता. मतं मोजणाऱ्याला १३६ घरं दिसतात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकांच्या हातात. आता विचारायला माणूस आहे, तर त्याला जाऊन विचारा.

यजमानांशी बोलताना लोकांसमोर बोलू नका. त्यांनी मनापासून मसुदा लिहिलाय, सदतीस जणांचा विश्वास मिळवलाय. चारचौघांत त्यांची बायकोच उलटली असं झालं तर मुद्दा बाजूला पडेल आणि मान राखायचं भांडण सुरू होईल. रात्री जेवणं झाल्यावर दोघंच असताना सांगा. अक्कांचा तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगा, माझ्यासारखा उपदेश करू नका. आणि तरीही ते म्हणाले ‘मी देणार तेच निवेदन’, तर ते त्यांच्या सहीनं द्यावं. तुमची सही तुमची आहे. ती न करणं म्हणजे नवऱ्याशी वैर नव्हे, एवढं मोठं घर तुमच्या दोघांच्या मनात नक्कीच असेल.

भाच्याला आणि अक्कांना तोवर ताटकळत ठेवू नका. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झालाय. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर दुर्बल गट, सहापर्यंत अल्प, नऊपर्यंत मध्यम. मुख्य अट अशी, की कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. घराला अडीच लाखांपर्यंत मदत मिळते. कर्ज काढून घेणाऱ्याला व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत आहे. भाच्याला उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवायला सांगा, ऐन वेळी तहसीलला रांग लागते. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत सोलापूरचीही घरं असतात, त्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. घर घेताना भाच्याच्या बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो. अक्कांना हे फॉर्म भरता येणार नाहीत. तुम्ही मोबाईलवर भरून द्या. त्यांच्याकडं बघवलं नाही म्हणालात ना, फॉर्म भरायला शेजारी बसाल तेव्हा बघवेल.

निवेदन बदलायला सोसायटीची बैठक घ्यावीच लागेल. तारीख ठरवताना एवढं करा : पाणी सुटायचा दिवस सोडून दुसरा दिवस घ्या, आणि वेळ संध्याकाळी सातनंतरची. पाण्याच्या दिवशी बैठक ठेवली की बायका घरी नळाशी राहतात आणि पाण्यावर बोलायला नुसते पुरुष येतात.